चौऱ्याण्णव टक्के मोकळा

संध्याकाळचा चहा झाला की दहा मिनिटं समाधान बोलायचा आणि कौस्तुभ ऐकायचा. डॉक्टरांनी तसा नियमच घालून दिला होता. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं मध्ये तोंड घालायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, 'अरे पण' म्हणायचं नाही. वेळ संपली की ऐकणाऱ्यानं ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं आणि मग पाळी बदलायची. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा एकदा, तिसऱ्या मिनिटाला जीभ वळवळायला लागते.

त्या मंगळवारी समाधान आपल्या आईबद्दल बोलत होता. "मी तिला सात वर्षं सांगत होतो की ड्युटीला सोयीचं पडतं म्हणून आम्ही दोघं एकत्र राहतो. तिला खरं माहीत होतं. तिला माहीत आहे हे मला माहीत होतं. तरी दर दिवाळीला ती दोन डबे भरून द्यायची. एक माझा आणि एक 'तुझ्या त्या मित्राचा'. तुझ्या डब्यात करंज्या जास्त असायच्या. मला त्याचा राग यायचा, आणि बरंही वाटायचं."

अकरा वर्षांत हे वाक्य कौस्तुभनं ऐकलं नव्हतं. खरं तर त्याचे डोळे भरून यायला हवे होते. तो मात्र टेबलावरच्या फोनकडे बघत होता. फोनवर हिरव्या अक्षरांत आकडा उमटला होता, मोकळेपणा चौऱ्याण्णव टक्के. काल चौऱ्याण्णव होता. परवाही चौऱ्याण्णव. त्याच्या आदल्या दिवशी त्र्याण्णव झाला होता, तेवढाच काय तो बदल.

"आता तू परत सांग," समाधान म्हणाला.

कौस्तुभनं करंज्यांपर्यंत सगळं नीट सांगितलं. मनात मात्र शंकेची पाल चुकचुकत होती.

त्यांना डॉक्टरांकडे नेलं होतं ते समाधानच्या मुकेपणानं. समाधान होनमाने जतकडचा, मेंढपाळांच्या घरातला, शिकून जनावरांचा डॉक्टर झालेला. गाईच्या पोटाला नुसता हात लावून तिला काय होतंय ते सांगायचा. स्वतःच्या पोटात काय आहे ते मात्र कुणाला सांगायचा नाही. काय झालं म्हणून विचारलं तर 'काही नाही'. भांडण झालं तर 'जाऊ दे'. आई गेली तेव्हा सुद्धा तो तीन दिवसांनी कामावर गेला आणि कौस्तुभला फक्त एवढंच म्हणाला, "डबा नको भरूस, भूक नाही." कौस्तुभ दातार दोघं राहत होते त्या सांगलीचाच, बोलघेवडा, पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. चिडला की तो म्हणायचा, "नाव समाधान, आणि अकरा वर्षांत माझं एकदाही केलं नाहीस." यावर समाधान हसायचा. ते हसू छान होतं, हीच तर अडचण होती.

मग बदलीचं पत्र आलं. भंडाऱ्याकडे नवा प्रकल्प निघाला होता आणि तिथं पाच वर्षं जायचं होतं. हो म्हणायचं की नाही, ते कौस्तुभवर होतं. महिनाअखेरपर्यंत कळवायचं होतं. पत्र वाचून समाधान म्हणाला, "तुला बरं वाटेल ते कर." त्या क्षणी कौस्तुभला वाटलं, हा माणूस मला थांबवणार सुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं ठणकावून सांगितलं, की आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊ. तू उघडलास तर मी राहतो. नाही तर मी चाललो, मग म्हणू नकोस.

डॉक्टर शर्वरी नाईकवडी मिरजेत किल्ला भागात पहिल्या मजल्यावर बसत. दारावर नुसतं 'जोडप्यांसाठी समुपदेशन' लिहिलं होतं. कसली जोडपी, ते आता लिहावं लागत नव्हतं. गेल्या काही वर्षांत कायदा बदलला होता, सोसायटीच्या पाटीवर दोघांची नावं शेजारी शेजारी आली होती, आणि खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकू संक्रांतीला तिळगुळाच्या दोनऐवजी एकच पुडी द्यायला लागल्या होत्या, घराला एक.

डॉक्टरांनी दोघांच्या मनगटांवर एकेक करडं कडं चढवलं. कंपनीनं त्याला 'भावस्पंद' असं भारदस्त नाव दिलं होतं आणि जाहिरातीत 'हातच्या काकणाला आरसा कशाला' अशी ओळ टाकली होती. लोक नुसतं कडं म्हणत. बोलणाऱ्याची नाडी, कातडीवरचा घाम, आवाजातली बारीक थरथर हे सगळं त्याचं कडं टिपतं, आणि तो जे बोलतोय त्याला त्याचं अंग साथ देतंय का ते ताडून पाहतं. साथ नसेल, तर समोरच्याच्या मनगटावरचं कडं तापतं आणि फोनवर बोलणाऱ्याचा मोकळेपणाचा आकडा उतरतो. चटका बसत नाही; चहाचा कप टेकवावा तशी ऊब लागते. दोघं एकमेकांच्या हाकेच्या अंतरात असले तरच हे चालतं. बोलणं आणि अंग यांच्यातल्या या फरकाला डॉक्टर 'तफावत' म्हणत. कौस्तुभला तो शब्द ओळखीचा वाटला. कालव्याच्या तोंडाशी सोडलेलं पाणी आणि शेवटच्या शेतात पोचलेलं पाणी, यांच्यातल्या फरकाला त्यांच्या खात्यातही तफावतच म्हणत.

"असलाच पट्टा मी गाईंच्या गळ्यात बांधतो," समाधान म्हणाला होता. "माजावर आली का, आजारी आहे का, सगळं कळतं. आता माझ्याच गळ्यात आला."

"मनगटात," कौस्तुभ म्हणाला.

"तेच ते."

पहिल्या बैठकीत डॉक्टरांनी त्यांना समोरासमोर बसवून हात हातात घ्यायला लावले. कौस्तुभ म्हणाला, "समा, बोल ना काहीतरी." घरात तो त्याला समाच म्हणायचा.  समाधानची नजर कौस्तुभच्या खांद्यावरून मागं, डॉक्टरांच्या पडद्यावर लागली होती. मग तो म्हणाला, "मी बरा आहे," आणि कौस्तुभचं कडं असं तापलं की त्यानं हात मागं घेतला. त्या दिवशी समाधानचा आकडा होता एकतीस.

पुढच्या आठवड्यात तो चौऱ्याण्णव झाला, आणि तिथंच राहिला.

डॉक्टर खूश झाल्या. कौस्तुभही सुरुवातीला खूश झाला, इतका की त्यानं कँटीनमध्ये सगळ्यांना चहा पाजला. समाधान बोलत होता! हॉस्टेलमधल्या एकटेपणाबद्दल, पहिल्यांदा कौस्तुभला पाहिलं तेव्हा त्याच्या चपलेचा अंगठा कसा तुटला होता त्याबद्दल, आई गेली त्या रात्री गोठ्यात जाऊन बसलेला त्याबद्दल. सलग, शांत, जणू बातम्या वाचतोय. आणि कौस्तुभचं मनगट गारच्या गार.

पण कौस्तुभ मीटरवर जगणारा माणूस. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्याला एक धडा मिळाला होता. कवठेमहांकाळच्या बाजूला एका वितरिकेवर, म्हणजे कालव्याच्या फाट्यावर, तो पाण्याच्या मीटरचा काटा बघून खूश झाला होता, तीन दिवस पाणी एका धारेनं चाललंय म्हणून. मगदूममामा नावाचे म्हातारे पाटकरी होते, पाट उघडायचे-बंद करायचे. ते खाकरून म्हणाले, "साहेब, वारा सुटला तरी पाणी हलतं. शेळी पाण्यात उतरली तरी हलतं. ह्यो काटा तीन दिस झालं हललेला न्हाई. ह्यो काटा मेलाय. पाणी मुरतंय कुठंतरी." आणि खरंच, वरच्या अंगाला कालवा फुटला होता.

जिवंत माणसाचा काटा हलायला हवा. आज मोकळा, उद्या जरा कमी, परवा पोट बिघडलं म्हणून चिडका. महिनाभर चौऱ्याण्णव? मग एक तर कडं बिघडलंय, नाही तर हा काहीतरी लपवतोय. आणि लपवायचं म्हटलं तर माणूस काय लपवतो? कौस्तुभच्या डोक्यात एकच उत्तर आलं. सगळ्यांच्या डोक्यात येतं तेच.

त्याचं त्यालाच मेल्याहून मेल्यासारखं होत होतं, पण त्यानं समाधानचे शर्ट हुंगले. शेणाचा वास आला, आणि आयोडीनचा. या वासावर कोण भाळणार, म्हणून त्याला क्षणभर हसू आलं. मग आठवलं, अकरा वर्षांपूर्वी आपण भाळलोच होतो की. त्याचं हसू मावळलं.

बुधवारी त्यानं चाचणी घेतली. मीटर तपासायचा तर त्याला माहीत असलेलं माप द्यायचं, हा साधा नियम. त्यानं आमटीत मीठ दुप्पट घातलं. स्वतः चाखून पाहिली तेव्हा तोंड वाकडं झालं. समाधान भातावर आमटी घेऊन निवांत जेवत होता.

"कशी झालीय?"

"छान झालीय."

कौस्तुभनं टेबलाखाली मनगटावर हात ठेवला. कडं गार होतं. समाधाननं दुसऱ्यांदा आमटी वाढून घेतली आणि वर तो दोन तांबे पाणी प्यायला. समोर ढळढळीत खोटं बोललं गेलं होतं आणि कड्याला पत्ता नव्हता. म्हणजे काटा मेलेला होता, आणि तो कुणीतरी मारला होता. कड्यासारखेच पट्टे रोज हाताळणारा माणूस घरात एकच होता.

गुरुवारी सकाळी समाधान आंघोळीला गेला तेव्हा कौस्तुभनं त्याची बॅग उघडली. अकरा वर्षांत त्यानं त्या बॅगेला हात लावला नव्हता. रबरी हातमोजे, दोऱ्याची रिळं, सुया, जंताच्या औषधाची बाटली. आणि आतल्या कप्प्यात, जनावराला नव्हे तर माणसाला देतात तसल्या लहान गुलाबी गोळ्यांची पट्टी. तीसपैकी सहा उरलेल्या. त्यानं फोनवर नाव शोधलं. 'हृदयाचे ठोके आवरणारी,' अशी पहिली ओळ आली. याला हृदयाचं काही झालंय आणि हा बोलला नाही! मग त्यानं पुढची ओळ वाचली. भाषण करताना, मुलाखतीला जाताना ज्यांचे हात कापतात, आवाज थरथरतो, त्यांनाही ही गोळी देतात.

आतून पाण्याचा आवाज येत होता. कौस्तुभ पलंगाच्या कडेवर बसला. म्हणजे माझ्याशी दहा मिनिटं बोलायला याला गोळी घ्यावी लागते. कुठलं सत्य आहे असं, जे अंगाला झोपवल्याशिवाय बाहेर काढता येत नाही? आणि हा जे बोलला, त्या करंज्या, तो चपलेचा अंगठा, ते सगळं काय होतं मग? त्यानं पट्टी खिशात घातली आणि बॅग होती तशी लावून ठेवली.

त्याच दुपारी समाधान फिरतीवर गेला तो शुक्रवारी रात्री उशिरा परतला, त्यामुळे दोन दिवस चहाची दहा मिनिटं झालीच नाहीत. शनिवारी अकराची बैठक होती. सकाळी दहाला समाधान बॅग पलंगावर उलटी करून बसलेला होता.

"काय शोधालायस?" कौस्तुभनं दारातून विचारलं.

"काही नाही. थर्मामीटर."

कडं तापलं. चांगलं तापलं. महिन्याभरात पहिल्यांदा काटा हलला होता, आणि कौस्तुभला बरं वाटलं. अशा वेळी बरं वाटणं काही भूषणावह नाही, पण वाटलं. चोर सापडल्याचा आनंद असतो एक, चोर आपला असला तरी.

"चल, उशीर होईल," तो म्हणाला.

 मिरजेच्या वाटेवर समाधान गाडी चालवत होता आणि दोनदा त्यानं नको तिथं ब्रेक मारला.

डॉक्टर नाईकवडींनी नेहमीप्रमाणे आठवडा कसा गेला म्हणून विचारलं. कौस्तुभनं खिशातून पट्टी काढून मधल्या टेबलावर ठेवली.

"हे विचारा यांना."

डॉक्टरांनी चष्मा वर करून पट्टी पाहिली, मग समाधानकडे, मग पुन्हा कौस्तुभकडे. "कुठं मिळाली?"

"त्याच्या बॅगेत."

"त्यांनी दिली?"

"नाही. मी घेतली."

"बरं," डॉक्टर म्हणाल्या. त्या 'बरं'नं कौस्तुभचे कान गरम झाले.

समाधान पट्टीकडे बघत होता. त्याच्या हातांना कंप सुटला होता, आणि त्यानं ते लपवले नाहीत. "दुसऱ्या आठवड्यापासून घेतोय," तो म्हणाला. "मागं एकदा परिषदेत बोलायचं होतं तेव्हा आमच्या फिजिशियननं दिली होती. संध्याकाळच्या चहाआधी एक, आणि इथं येताना एक."

"कोण आहे?" कौस्तुभनं विचारलं.

"काय कोण?"

"दुसरा. नाव सांग फक्त. मी तमाशा करणार नाही."

समाधान त्याच्याकडे बघतच राहिला. मग त्याला हसू फुटलं, आणि ते अर्ध्यावर रडण्यात गेलं. "दुसरा कुठला आलाय रे? दिवसाला बारा गोठे असतात मला. दुसरा कुठून आणू?"

कौस्तुभचं कडं तापलेलंच होतं. त्याला काय खरं मानावं ते कळेना. डॉक्टर म्हणाल्या, "कौस्तुभ, मध्ये बोलू नका. दहा मिनिटं त्यांची."

"मॅडम, पहिल्या दिवशी मी तुमच्या पडद्यावर माझा आलेख बघितला," समाधान म्हणाला. "मला वाचता येतो तो. रोज तसलेच बघतो. गोठ्यामागच्या उसात बिबट्या येऊन बसला, की गाईचा आलेख असाच उठतो, सरळ उभा. ह्यानं मला समा म्हणून हाक मारली, आणि माझा तसा उठला."

"म्हणजे मी बिबट्या?" कौस्तुभच्या तोंडून गेलंच.

डॉक्टरांनी नुसता हात वर केला.

समाधान एक घोट पाणी प्यायला. "बारावीत होतो. आमच्या वाड्याजवळ मेंढरं बसायची. पिराजी म्हणून पोरगा होता, तो मला समा म्हणायचा. घरात कुणीच म्हणायचं नाही, तोच फक्त. एकदा आम्ही दोघं मेंढरांच्या तळाच्या मागं बसलेलो. काही नाही, नुसतं बसलेलो. त्यानं मला हाक मारली आणि ती चुलत्यानं ऐकली. हाक ऐकूनच कळलं त्याला. काठीनं मारलं मला. एक शब्द बोलला नाही, नुसता मारत होता. दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला बसले आणि कुणीच काही बोललं नाही. आजपर्यंत नाही. आई पण नाही." तो थांबला. "तेव्हापासून मायेनं कुणी हाक मारली, की आधी पोटात गोळा येतो."

  अकरा वर्षं, दिवसातून दहा-वीस वेळा, कौस्तुभ या माणसाला त्याच नावानं हाका मारत आला होता. भाजी आणताना, आंघोळीला पाणी काढताना, अंधारात. 

"मला सांगायचंस तरी," तो म्हणाला. "मी दुसरं काही म्हटलं असतं."

"नको. मला ते आवडतं."

"आवडतं?"

"आवडतं रे. तू म्हणालास की बरं वाटतं, आणि भीती पण वाटते. दोन्ही एकदम येतात. मला ते वेगळं काढता येत नाही. मला वाटलं, तू तो आलेख बघितलास तर म्हणशील, ह्याला माझी भीतीच वाटते, ह्याचं प्रेम नाही. आणि निघून जाशील भंडाऱ्याला. म्हणून घेतली गोळी."

डॉक्टर पुढं सरकल्या. "डॉक्टर होनमाने, गाईचा आलेख तुम्ही स्वतःला लावलात. माणसाचा आलेख भीतीनं जसा उठतो तसाच ओढीनंही उठतो. कड्याला अंग हललं एवढंच कळतं, कशानं ते कळत नाही. तुम्ही मला विचारायला हवं होतं."

"विचारायचं जमत असतं तर तुमच्याकडं आलो असतो का?" समाधान म्हणाला. 

कौस्तुभनं विचारलं, "आणि करंज्या? तुझ्या आईचं जे सांगितलंस, ते सगळं गोळीनं वदवलं तुझ्याकडून?"

"खरं आहे ते."

कडं तापलं.

"समा, खरं सांग."

"खरंच आहे! गोळी घेतली की भीती खाली बसायची, आणि मग बोलता यायचं. खोटं एक अक्षर बोललो नाही. ती आमटी सोडून."

कडं आणखी तापलं. तो जितकं कळवळून सांगत होता तितकं ते तापत होतं, आणि कौस्तुभ मनगटाकडे बघावं की चेहऱ्याकडे, या पेचात सापडला होता. गोळी घेतलेला समाधान खरा, तर तो गार कड्यानं सांगत होता की मी मोकळा आहे. गोळी न घेतलेला खरा, तर हा समोर थरथरत होता आणि कडं म्हणत होतं, ऐकू नकोस. यंत्र तेच, माणूस तोच, बोलणंही तेच होतं.

"आता तुझं," समाधान अचानक म्हणाला.

"माझं काय?"

"नियम आहे ना, पाळी बदलायची. माझं कडं पण महिनाभर तापतंय. पहिल्या मंगळवारपासून." तो सावकाश बोलत होता, शब्द मोजत. "तू म्हणायचास, 'मला काही घाई नाही, शेवटच्या तारखेपर्यंत बघू.' तेवढंच एक वाक्य. तेवढ्यालाच तापायचं. तू होकार देऊन टाकलायस ना?"

कौस्तुभचा चेहरा उतरला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. महिनाभर तो दुसऱ्याच्या घरात चोर शोधत हिंडत होता, आणि पत्र आलं त्याच रात्री रागाच्या भरात होकाराचा मेल त्यानंच पाठवलेला होता. आधी मेल पाठवून, मग तो समाधानला म्हणाला होता की उघडलास तर राहतो.

"दिला," तो म्हणाला. "त्याच दिवशी."

"हं."

"तुला माहीत होतं तर विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस," समाधान म्हणाला. "मग जावं लागलं असतं तुला. न विचारता निदान महिना तरी मिळाला."

कौस्तुभला एकाच वेळी राग आला आणि लाज वाटली. या माणसानं महिनाभर तापलेलं मनगट घेऊन खारट आमटी खाल्ली होती. आणि आपण त्याचे शर्ट हुंगत होतो.

"मागं घेता येतो होकार," तो म्हणाला. "सोमवारी संध्याकाळपर्यंत. साहेबांना मी विचारून ठेवलंय." त्यानं हे म्हणताना समाधाननं आपल्या मनगटाकडे पाहिलं आणि मान हलवली. एवढं खरं होतं.



"मी राहू का?" कौस्तुभनं विचारलं. "गोळी नाही, आलेख नाही. नीट सांग. समा, राहू?"

 बाराव्या गोठ्यावरून आलेला असावा तसा समाधानला घाम फुटला होता. "राहा," तो म्हणाला. "मला तू हवायस."

कौस्तुभच्या मनगटावर एवढी ऊब आली की त्याला कडं वर सरकवावं लागलं. अकरा वर्षं ज्या वाक्याची त्यानं वाट बघितली, ते मिळालं होतं. आणि ते तफावतीसकट मिळालं होतं.

"कडी काढून ठेवू का?" डॉक्टर हळूच म्हणाल्या. "हे यंत्र इथून पुढं तुमच्या उपयोगाचं नाही, असं मला वाटतं."

"थांबा मॅडम," समाधान म्हणाला. "एकच विचारतो, मग काढा." तो कौस्तुभकडे वळला.  "मी आता जे बोललो, त्यावर विश्वास आहे तुझा?"

"आहे," कौस्तुभ म्हणाला. लगेच म्हणाला, आणि जरा मोठ्यानं.

समाधाननं दुसऱ्या हाताचा पंजा आपल्या कड्यावर ठेवला आणि तसाच दाबून धरला. जन्मभर मुक्या जनावरांचे चेहरे वाचणाऱ्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर कौस्तुभला काहीच वाचता येईना. त्यानं वाट पाहिली. डॉक्टरांनीही पाहिली.

"तापलं का?" शेवटी कौस्तुभनंच विचारलं.

"मला विचारालायस?" समाधान म्हणाला. "तुला ठाऊक न्हाई?"